तुहा-माहा जोड आणि सहा केजीचा पाइप

"ताई, ती जुनी फाइल डिलीट करून टाका."

मनोजने चप्पल काढायच्या आधीच हे सांगितलं. मी हेडफोन मानेवर ओढला.

"कोणती फाइल?"

"तुम्हाले माहीत आहे."

माहीत होतंच. पण समोरच्याच्या तोंडून ऐकण्यात मजा असते, म्हणून मी गप्प बसले.

बुलढाण्यात बसस्टँडच्या मागे, झेरॉक्सच्या दुकानावर माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. दोन खोल्या. एकीत मी आणि मशीन, दुसरीत माइक. मधे काच. एसटीने हॉर्न दिला की टेक पुन्हा घ्यायचा, हा इथला पहिला नियम. भजनं, शाळांची स्वागतगीतं, निवडणुकीचा प्रचार, हरवलेल्या म्हशीचं निवेदन आणि दुकानांच्या जाहिराती, सगळं मी करते. वीस वर्षं झाली. मनोज शेगावचा, गायक. आज त्याच्या तारखा मिळत नाहीत, पण एके काळी तो माझ्याकडे कोरसमध्ये तिसऱ्या रांगेत उभा राहायचा.

त्याला नाव मिळालं ते एका गाण्यामुळे. आमच्याकडे नवरानवरी हॉलमध्ये शिरताना हेच गाणं वाजतं. रिंगटोनला हेच. टेम्पोच्या मागे याचीच ओळ रंगवलेली.

उन्हानं तडकेना, पाण्यानं सुटेना
तुहा-माहा जोड राणी कोणाले तुटेना
दाब येऊ दे कितीबी, डोळा गळणार नाही
एकदा जुळलं त जन्मभर ढळणार नाही

"शनिवारी कॉलेजात माझा सत्कार आहे," मनोज म्हणाला. "पाठक सर गाण्याच्या इतिहासावर बोलणार आहेत. आणि मी सगळ्या मुलाखतीत सांगून बसलोय, का माझी आजी जात्यावर दळता दळता आजोबासाठी हे गाणं म्हणायची."

"तुझ्या आजीकडे जातं होतं?"

"गिरणी होती." मग जरा थांबून म्हणाला, "इलेक्ट्रिक."

मी हसू दाबलं आणि विचार करते म्हणाले. डिलीट करणार नव्हतेच. रेकॉर्डिस्टने दोन गोष्टी कधी करू नयेत. जुनं रेकॉर्डिंग पुसू नये, आणि ज्याचं आहे त्याच्या परवानगीशिवाय ते कोणाला ऐकवू नये. पहिली गोष्ट मी पाळते. दुसरी पाळताना पोटात दुखतं.

आता त्या फाइलमध्ये काय होतं ते सांगते.

बारा-तेरा वर्षांपूर्वी दुसरबीडहून गजूशेठ आणि त्यांची बायको विमलवहिनी माझ्याकडे आले होते. शेठचं पाइपचं दुकान. मोटार, ठिबकच्या नळ्या, प्लास्टिकचे पाइप. दोन पाइप एकमेकांना चिकटवायला जो डिंकासारखा पदार्थ लागतो त्याला दुकानात सोल्युशन म्हणतात. शेठने कोणाच्या तरी नादाने स्वतःचं सोल्युशन बनवून डब्यांत भरलं होतं. त्या सोल्युशनचं नाव सांगत नाही. ते आता बनत नाही आणि ज्यांनी वापरलं ते विसरलेले नाहीत.

त्यांना जिंगल हवी होती. जिंगल म्हणजे जाहिरातीचं छोटं गाणं. ऑटोवर भोंगा लावून ती गावोगाव फिरवायची. शेठने खिशातून कागद काढला आणि वाचला : "शेतकरी बंधूंनो, उत्कृष्ट दर्जाचे, टिकाऊ व खात्रीशीर असे आमचे सोल्युशन उन्हाने तडकत नाही व पाण्याने सुटत नाही."

"हे कोण ऐकन?" वहिनी म्हणाल्या.

"काऊन? काय वाईट आहे याच्यात?"

"तुमचं 'तडकत नाही व' म्हणून होईस्तोवर ऑटो वेशीबाहेर जाईन. तडकेना म्हणा. सुटेना म्हणा."

बाई बरोबर बोलत होत्या. ऑटो एका दारासमोर दहा-पंधरा सेकंद असतो. तेवढ्यात सांगून झालं पाहिजे. मी दोघांना माइकच्या खोलीत बसवलं, मनोजला चाल बसवायला शेजारी उभं केलं, आणि इकडे रेकॉर्ड दाबून ठेवलं. सवय आहे माझी. चाल सापडते ती बहुतेक वेळा गप्पांत, आणि एकदा हरवली की पुन्हा तशी येत नाही.

पुढचा पाऊण तास त्या दोघांचं भांडण झालं. शेठ माहिती सांगायचे, वहिनी त्याची ओळ करायच्या. शेठ म्हणाले, पाइप गळणार नाही हे यायलाच पाहिजे, कितीही दाब आला तरी.

"दाब आल्यावर गळत नाही असं या घरात तरी कोणी नाही," वहिनी म्हणाल्या.

"म्हंजे?"

"म्हंजे गिऱ्हाईक भांडाले आलं का गोदामात कोण जाऊन बसते?"

शेवटच्या ओळीवर तर कहरच झाला. वहिनी म्हणाल्या, जन्मभर घाला. शेठ उखडले.

"जन्मभराची गॅरंटी कोण देते बाई?"

"आपल्या लग्नाची कोणं देली होती? चालूनच राह्यलं ना!"

मनोज तोंडावर वही धरून हसत होता. पण ओळ बसली, आणि चालही. जिंगलमध्ये 'तुहा-माहा जोड राणी' नव्हतं. 'सोल्युशनचा जोड बाप्पा' होतं. आणि डोळा गळणार नाही नव्हतं, पाइप गळणार नाही होतं. बाकी गाणं जसंच्या तसं.

जिंगल एक हंगाम फिरली. डबे झपाट्याने खपले. मग उन्हाळा आला आणि जोड सुटायला लागले. गव्हात पाणी, रस्त्यावर पाणी, शेजाऱ्याच्या कांद्यात पाणी. सोल्युशन बंद झालं, जिंगल बंद झाली. लोकांच्या लक्षात गळती राहिली, भोंग्यावरचं गाणं कोणाच्याच नाही. गजूशेठला लोक गळके शेठ म्हणू लागले. तीन-चार वर्षांनी मनोजने एका लग्नात गंमत म्हणून तीन शब्द बदलून ते गाणं म्हटलं आणि ते असं सुटलं की आजवर हाती आलेलं नाही.

हा झाला इतिहास. तो जगात चौघांना माहीत होता. चौघंही गप्प होते.

मनोज येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पाठक सर आले. कॉलेजात मराठी शिकवतात, लोकगीतांचा मोठा अभ्यास आहे आणि माणूस सज्जन आहे. शनिवारच्या कार्यक्रमाचं साउंड माझ्याकडेच होतं. भाषणात गाण्याचे तुकडे वाजवायचे होते, ते कुठे थांबवायचे हे सांगायला ते आले होते.

"मॅडम, हे गाणं फार जुनं आहे," ते म्हणाले. "मनोजरावांच्या आजीच्याही आधीचं. 'दाब' या शब्दाकडे लक्ष द्या. दाब म्हणजे सासुरवास. एवढ्या दाबातही ती स्त्री म्हणते, माझा डोळा गळणार नाही."

"अच्छा," मी म्हटलं.

"आणि 'उन्हानं तडकेना'. ऊन म्हणजे विरह."

"पाणी?"

"पाणी म्हणजे संसार. आणि जोड म्हणजे अर्थातच जीव आणि शिव."

मी उठून पंखा बंद केला. काही कारण नव्हतं. तोंड दुसरीकडे वळवायला काहीतरी करणं भाग होतं.

"तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"सर, मला फक्त आवाजातलं कळतं."

खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. ते गेल्यावर मी थोडी ओशाळले. एक चांगला माणूस चारशे लोकांसमोर पाइपच्या जाहिरातीला जीव-शिव म्हणणार होता आणि मी त्याचा माइक लावणार होते.

मार्ग मला शोधावा लागला नाही. गुरुवारी सकाळी विमलवहिनीच जिना चढून आल्या. हातात मेथीची जुडी, कपाळावर घाम. दोन बस बदलून आल्या होत्या.

"मॅडम, आमचं ते भांडण आहे का अजून तुमच्यापाशी?"

"आहे."

"मले पाहिजे."

झालं असं होतं. आदल्या आठवड्यात त्यांच्या भाचीचं दुसरबीडलाच लग्न झालं. नवरी हॉलमध्ये शिरली, गाणं वाजलं, आणि इतकी वर्षं मनात ठेवलेलं वहिनींच्या तोंडून निघून गेलं. शेजारी बसलेल्या बायांना त्या म्हणाल्या, हे गाणं माझं आहे. बाया एवढ्या हसल्या की एकीला ठसका लागला. "विमलबाई, आता चांदही तुम्हीच टांगला म्हणा." मग जेवताना सगळा मांडव तेच म्हणून चिडवत होता. जिची भाची नवरी, ती बाई स्वयंपाकघरात जाऊन बसली.

"मले नाव नको, काही नको," त्या म्हणाल्या. "पण मी लबाड नाही. हे त्या बायांले ऐकवाचं आहे."

"वहिनी, अडचण आहे. काम शेठच्या नावावर झालेलं. ते हो म्हणाले तरच मला देता येतं."

"आवाज कोणाचा आहे त्याच्यात?"

"तुमचा."

"शब्द?"

"तुमचे."

"मंग शेठचं काय आहे?"

"सोल्युशन," मी म्हटलं. आम्ही दोघी हसलो. पण नियम नियम होता. मी स्पीकर चालू करून शेठना फोन लावला.

"कोणतं गाणं?" शेठ म्हणाले. "मी आयुष्यात गाणं केलं नाही. मी पाइप विकतो."

"शेठ, शनिवारी कॉलेजात त्याच गाण्यावर..."

"मॅडम, मी तुमच्या पाया पडतो. लोकं आत्ताशी इसरून राह्यले. ते जर कळलं ना का हे त्याच सोल्युशनचं गाणं आहे, त पुन्हा सगळे पाइप घेऊन दुकानात येतीन."

वहिनींनी फोन हातात घेतला. "मी इथंच बसली आहे. तुम्ही या. नाही आले त मी हटत नाही."

पलीकडे दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. मग शेठ म्हणाले, "जेवली का तू?"

"नाही."

"येतो."

ते दुपारी आले. आल्या आल्या वहिनींच्या हातात कचोरीचा पुडा दिला आणि मला म्हणाले, मी परवानगी द्यायला आलो नाही, हिला घेऊन जायला आलो आहे. मी म्हटलं, ठीक आहे, पण एकदा ऐकून तर घ्या. तुमचंच आहे, तुम्हाला ऐकवायला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि मी रॉ लावलं. रॉ म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, काहीही न कापलेलं. खोकला, कागदाची सळसळ, 'पंखा बंद करा', सगळं त्यात असतं. गजूशेठ आधी छताकडे बघत होते. मग तरुण गजूशेठ आणि तरुण विमलवहिनी 'तडकत नाही' की 'तडकेना' यावर भांडायला लागले, तसे ते हळूहळू पुढे सरकले. गोदामाच्या वाक्याला त्यांनी कान खाजवला. लग्नाच्या गॅरंटीला हसले. वहिनी कचोरी खाता खाता थांबल्या होत्या.

शेवटचा टेक झाला. माझा आवाज आला, "ओके, झालं." सगळ्यांना वाटलं संपलं. पण मी रेकॉर्ड बंद करायच्या आधीचं अर्धं मिनिट बाकी होतं. ते मीही कधी नीट ऐकलं नव्हतं. मनोज बाहेर गेला असावा. शेठचा आवाज, अगदी हळू :

"विमल, सोल्युशन नाही टिकलं त?"

"त दोघं मिळून शिव्या खाऊ. एकल्याले कायले जास्त होऊ द्याच्या?"

तिथे फाइल संपली.

खाली कंडक्टर चिखली-चिखली ओरडत होता. वहिनींनी पुडा बाजूला ठेवला.

"पण मी एकलीनंच खाल्ल्या," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मेथी कितीला पडली ते सांगावं तसं सांगितलं. "लोकं सुटलेले जोड घेऊन येत होते. मी गल्ल्यावर. तुम्ही गोदामात."

गजूशेठने रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शनिवारी किती वाजता आहे म्हणता?"

त्या संध्याकाळी मी मनोजला फोन केला. फाइल डिलीट होणार नाही, आणि शनिवारी विमलवहिनी पहिल्या रांगेत असतील.

"ताई, मी आजारी पडू का?"

"पड. ते सत्कार घरी आणून करतील."

"मंग काय करू?"

"फाइल बदलत नाही. तू बोलशील ते तुला बदलता येतं."

शनिवारी हॉल भरला होता. मी साउंडच्या टेबलाशी, मागे. पाठक सरांनाही आधी सांगावं म्हणून मी दोनदा गेले, पण त्यांच्याभोवती हार घेतलेली माणसं होती. खरं सांगायचं तर तिसऱ्यांदा मीच गेले नाही. तेवढा दुष्टपणा माझ्यात आहे.

सर उत्तम बोलले. दाब झाला, विरह झाला, जीव-शिव झाला. पहिल्या रांगेत गजूशेठ खुर्चीचे हात धरून बसले होते. शेवटी सर म्हणाले, "आता मनोजरावांनी आपल्या आजीविषयी सांगावं."

मनोजने माइक घेतला. चालू असलेला माइक त्याने दोनदा ठोकून पाहिला.

"माझी आजी हे गाणं म्हणायची, हे खरं आहे," तो म्हणाला. "पण ते ती माझ्याकडून शिकली."

लोकांना वाटलं विनोद आहे. ते हसले.

"आणि मी त्यांच्याकडून शिकलो." त्याने विमलवहिनींकडे हात केला.

सगळ्या माना वळल्या. वहिनींनी पदर सारखा केला आणि नवऱ्याकडे पाहिलं. गजूशेठने दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं, आठ पावलांवर. मी मोजली. मग ते उठले. मनोजने माइक त्यांच्यापर्यंत आणून दिला.

"मी दुसरबीडचा. पाइपचं दुकान आहे. हे गाणं माह्या सोल्युशनच्या जाहिरातीचं आहे. शब्द हिचे, सोल्युशन माहं." जरा थांबले. "शब्द टिकले."

हॉल एवढा हसला की मला माइकचा आवाज कमी करावा लागला. त्यातून मागून एक आवाज आला. दुसरबीडचेच निवृत्त मास्तर, उभे राहिलेले.

"शेठ, माहा जोड तिसऱ्या दिवशी सुटलता!"

"माहीत आहे, मास्तर. तुम्ही आलते तवा मी गोदामात होतो. शिव्या हिनं खाल्ल्या. आता द्या मले."

 मास्तर विचारात पडले. एवढ्या वर्षांचा राग होता, आणि शिव्या मागून घेणारा समोर उभा होता. पण आयत्या वेळी त्यांना शिवी आठवेना.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "पोरीच्या लग्नात मी त्याच गाण्यावर नाचलो. पहिले कळलं असतं त बसून राह्यलो असतो."

ते बसले. पाठक सर स्टेजवर तसेच उभे होते, हातात भाषणाचे कागद. मला खरोखर वाईट वाटलं. त्यांनी चष्मा वर केला आणि अगदी विद्यार्थ्यासारखं विचारलं, "म्हणजे वहिनी, तो दाब... तो खरोखर पाण्याचा?"

"सहा केजीचा, सर," विमलवहिनी म्हणाल्या. दुकानात पाइपचा दाब असाच, किलोत मोजतात. "चार केजीचा पाइप त टिकलाच नसता."

सर हसायला लागले, आणि त्यांच्या हसण्याने बाकीचे मोकळे झाले. लोकांनी वहिनींना गाणं म्हणायला लावलं. आवाज काही खास नाही त्यांचा. सुरात पाव आणा कमी. 'पाइप गळणार नाही' म्हणताना त्यांनी नवऱ्याकडे बोट केलं. मनोज मागे कोरस धरत होता.

पुढे काय झालं ते थोडक्यात. आता मनोजच्या गाण्याखाली शब्द विमलवहिनींचे असं लिहिलेलं असतं, आणि तो प्रत्येक कार्यक्रमात आजीऐवजी त्यांची गोष्ट सांगतो. तीत तो हल्ली स्वतःची थोडी भर घालतो, असं माझ्या कानावर आहे. पाठक सरांनी भाषण फाडलं नाही. 'लोकगीत डोळ्यांदेखत कसं घडतं' असा नवा लेख लिहिला आणि जीव-शिव तळटीपेत ठेवला. शेठच्या दुकानात पुढच्या आठवड्यात खरंच काही लोक जुने पाइप घेऊन आले. शेठ गल्ल्यावर बसून होते. फोटो काढायला आले होते लोक, भांडायला दोघंच. भाचीच्या लग्नातल्या बायांना मी रॉ ऐकवायला तयार होते, पण वहिनींनी नको सांगितलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आता त्याच बाया सगळ्यांना सांगतात की आमच्यासमोरच तर केलं तिनं गाणं.

मी मात्र त्या दिवसापासून बुकिंगच्या कागदावर एक रकाना वाढवला आहे : शब्द कोणाचे? पुष्कळ जण तो मोकळा सोडतात. नवरा-बायको जोडीने आले, तर कागद मी आधी बायकोच्या हातात देते आणि नवऱ्याला खाली चहा सांगायला पाठवते.